पत्रकाखालचा केस

आमच्या घरात गुलाबी कागदाला तोटा नव्हता. आबा शिरूरच्या बाजारपेठेतल्या एका छापखान्यात ट्रेडल मशीन चालवायचे. शाई फाकलेली, वाकडी छापली गेलेली पत्रकं ते घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे गिरवले आणि छापील बाजू वाचत मोठी झाले. जागे व्हा. सभेला या. हक्क मागून मिळत नसतो. विहारात एप्रिलमध्ये वाटली जाणारी पत्रकं मी बाराव्या वर्षी तपासायला लागले आणि सतराव्या वर्षी स्वतः लिहायला. जगातली कुठलीही गोष्ट एका पानात बसते आणि ते पान हातात पडलं की माणूस सुधारतो, असं मला खरंच वाटायचं.

आई गावातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. नर्स असं लोक म्हणायचे. ती लागली होती आया म्हणून, आणि बघून बघून शिकली होती. तिची ख्याती होती ती शीर शोधण्यात. शोधताना ती पेशंटच्या हाताकडे बघायचीच नाही, खिडकीबाहेर बघायची. तिच्या डाव्या हाताची तर्जनी कोपराच्या खळग्यात हळूहळू फिरायची, कुठेतरी थबकायची, आणि ती म्हणायची, "घावली. दडून बसली व्हती बया." हाडं उरलेली म्हातारी माणसं, जुलाबानं सुकलेली लेकरं, ज्यांच्या हातात डॉक्टरांनाही शीर मिळायची नाही ती सगळी आईच्या बोटाखालून जायची.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाची. दवाखान्यात रबरी हातमोजे होते, पण ते डॉक्टरांचे. ऑपरेशन झालं की आई ते धुवायची, मागच्या तारेवर चिमट्यांनी टांगायची, वाळले की पावडर लावून जोड्या लावायची. भोक पडलंय का ते बघायला मोजा तोंडाशी धरून फुंकायची. पाच बोटं टम्म उभी राहायची. मग तो फुगा गालाजवळ धरायची. वारा लागला की मोजा बाद. शाळेतून मी तिथं जायचे तेव्हा मला ते बघून हसू यायचं.

ऑपरेशनखेरीज मोजा आणखी एका वेळी निघायचा. पेशंटच्या फायलीत आतल्या पानावर लाल पेनानं चांदणी काढलेली असली की. चांदणी म्हणजे काय हे कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, माहीत सगळ्यांना होतं. एड्स हा शब्द तेव्हा गावात भिंतीकडे तोंड करून बोलला जायचा. आई मात्र चांदणी असो नसो, उघड्या हातानंच काम करायची. मी तिच्याशी भांडले तेव्हा ती म्हणाली, "एकाच खाटंला मोजा घालून जायचं, म्हंजी समद्या वॉर्डाला सांगितल्यावानी की हिला शिवू नका. माझ्या आईच्या वंजळीत लोकं वरून पानी वतायची. आन् मी लांबून शिवू व्हय कुणाला?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं. मग सगळ्यांनाच मोजे घालून शिवा. चांदणी असलेल्याला, नसलेल्याला, सरपंचाच्या आईलासुद्धा. मी त्या रात्री बसून पत्रक लिहिलं. 'मोजा सर्वांसाठी!' नर्स, आया, झाडणाऱ्या बायका, ज्यांचे हात रक्तात जातात त्या सगळ्यांना मोजे मिळालेच पाहिजेत. खाली तीन उद्गारचिन्हं.

आबांनी छपाईचे खिळे जुळवता जुळवता विचारलं, "आईला विचारलंस का?"

"हक्क काय विचारून मागायचा असतो?"

"हक्काचं न्हाई म्हनत मी. आईला विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. पत्रक एसटी स्टँडवर वाटलं, मार्केट यार्डात वाटलं, कॉलेजच्या फाटकात वाटलं. आईच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर मी स्वतः गठ्ठा ठेवून आले. आठवड्यानं डॉक्टरांनी आईला केबिनमध्ये बोलावलं. आई घाबरत गेली. टेबलावर मोज्यांचा एक नवा खोका होता.

"घ्या," डॉक्टर म्हणाले. "आता सगळ्यांनी घालायचे आणि सगळ्या पेशंटसाठी घालायचे. मुलगी हुशार आहे तुमची. नाहीतर आणखी एक पत्रक निघायचं आमच्या नावानं."

मी जिंकले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एका पानानं एक खोका विकत आणवला होता. दुसऱ्या दिवशी आई घरी आली तेव्हा बोटं चोळत होती. म्हणाली, "तू छापलंयस म्हून घालतीया बाई. पर बोटाला काय कळंनाच झालंय. जनू दुसऱ्याचं बोट उसनं आणून शीर हुडकतीया."

मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "सवय होईल."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईनं पिठाची परात माझ्याकडे सरकवली. "आज भाकरी तू थाप." तिच्या डाव्या तर्जनीला चिकटपट्टी होती. मी एवढंच पाहिलं आणि थापायला बसले. पहिली भाकरी तव्यावर पडल्यावर तिनं सांगितलं. तुकड्या-तुकड्यानं, माझ्याकडे न बघता, जशी ती शिरा शोधायची तसं खिडकीकडे बघत.

दुपारी माझ्याच वयाची एक बाई आली होती. ताप, उलट्या, अंगात पाणी उरलेलं नाही, शिरा पार तळाला गेलेल्या. आईनं मोजे घातले. पहिल्या वेळी सुई चुकली. दुसऱ्या वेळी चुकली. वीस वर्षांत आईची सुई लागोपाठ दोनदा चुकली नव्हती. तिसऱ्यांदा लागली. ती पक्की करायला आईनं चिकटपट्टी लावली, आणि मोज्याच्या शेंड्याशी जे रिकामं रबर लोंबत होतं ते पट्टीला चिकटलं. सोडवायला झटका दिला, तशी सुई बाहेर आली आणि रबरातून तिच्या बोटात गेली.

"ताई, लागलं का तुम्हाला?" त्या बाईनं विचारलं.

"न्हाई गं. माझंच बोट येडं," आई म्हणाली.

तिनं मोजे काढले, नळाखाली बोट पिळलं, परत आली आणि उघड्या हातानं, नव्या सुईनं पहिल्या झटक्यात शीर धरली. सलाईन चालू करून मगच फाईल उघडली. आतल्या पानावर चांदणी होती.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं. तव्यातून धूर येत होता.

"साबनानं धुवा म्हनले. स्पिरिट लावा, काय होत नसतंय." आईनं बोटावरची पट्टी दाबली. "आन् म्हनले, मोजे व्हते ना हातात? पत्रकापरमानं?"

आता अशी सुई टोचली की लगेच गोळ्या सुरू करतात. तेव्हा आमच्या गावात त्या गोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. तेव्हा फक्त वाट बघायची असायची. भाकरी जळाली. कोपऱ्यात उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा सुतळीनं बांधून ठेवला होता आणि सर्वांत वरच्या पानावरची तिन्ही उद्गारचिन्हं मला चुलीच्या उजेडात दिसत होती. 

शिरूरमध्ये रक्त तपासायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर. म्हणून आम्ही दौंडला गेलो. न्हावरेमार्गे जाणाऱ्या एसटीत आईच्या ओळखीची एक मावशी भेटलीच.

"कुठं निघाल्या माय-लेकी?"

"पोरीला पाव्हनं बघाय," आईनं ठोकून दिलं.

"अगं बया! मग पोरगी अशी रडकी का दिसतीया?"

"पाव्हनं दौंडचं हाय, म्हून."

मावशी खदखदून हसली. पुढच्या सीटवरचा दौंडचा माणूस मागे वळून म्हणाला, "का वो, दौंडची मानसं काय वाईट हायती?" आणि सगळे हसले. आईसुद्धा हसली. मला तिच्या हसण्याचीच भीती वाटली.

स्टेशनच्या मागच्या गल्लीत एक छोटी लॅब होती. ती चालवणाऱ्या वयस्क माणसाला सगळा परिसर चाचा म्हणायचा. तीन पिढ्या दौंडात, आणि बोली आमच्यासारखीच. चाचांनी एक शब्द जास्तीचा विचारला नाही. आईनं नेहमीसारखं खिडकीबाहेर बघितलं, मी डोळे मिटले. रक्त घेऊन झाल्यावर ते म्हणाले, "ही बाटली रेल्वेनं पुण्याला जाईल. पर ताई, आजचा रिपोर्ट चांगला आला तरी पेढं वाटू नका. तो सुईच्या आधीचा समजा. तीन महिन्यांनी या, मग सहा महिन्यांनी या. तवर रक्त खोटं बोलू शकतं."

पहिला रिपोर्ट चांगला आला. आम्ही पेढे वाटले नाहीत.

त्या तीन महिन्यांबद्दल मला एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर हे बाकीचं सगळं खोटं ठरेल. शिवल्यानं हा आजार होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, हे मीच एका पत्रकात लिहिलं होतं. आमच्या घरी चहा कमी पडला की आई अर्धा पिऊन कप माझ्याकडे सरकवायची, लहानपणापासूनची सवय. दौंडहून आलो त्या आठवड्यात तिनं कप सरकवला आणि माझा हात थांबला. क्षणभरच. मग मी म्हणाले, "नको, माझा झालाय." आईनं कप उचलला, मोरीत रिकामा केला, विसळला आणि पालथा घातला. त्यानंतर तिनं कप सरकवला नाही. स्वतःचा टॉवेल वेगळ्या खिळ्याला लावला. हे मी तिला करायला लावलं. मी, वस्तीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची मुलगी.

भीतीला काहीतरी काम द्यावं म्हणून मी वही काढली. आईला म्हटलं, दवाखान्यातून धुतलेल्या मोज्यांची एक जोडी आण. मला बघायचं होतं की मोजा घातल्यावर हाताचं नेमकं काय होतं. आईला मी असं सांगितलं. खरं म्हणजे मला बघायचं होतं, की चूक माझी नाही.

मी माझ्या डोक्यातला एक लांब केस उपटला, पाटावर आडवा ठेवला आणि त्यावर एक गुलाबी पत्रक टाकलं. आईनं डोळे मिटून बोट फिरवायचं आणि केस कुठे आहे ते सांगायचं. सापडला की आणखी एक पत्रक वर. उघड्या बोटाला सहा पत्रकांखालचा केस लागला. आबा म्हणाले, "अरं, ही तर सरकारी पोलिसात पायजेल!" मोजा घालून दोन पत्रकांपर्यंत कळलं, तिसऱ्याला आई पाटभर बोट फिरवत राहिली. मी केस बदलला, जागा बदलली. पुन्हा दोन.

मग मोहरी. ताटलीतून एकेक मोहरी उचलून वाटीत टाकायची, आबांनी घड्याळ धरायचं. मोज्यानं निम्म्याही जाईनात. सुईत दोरा ओवणं दुप्पट वेळाचं झालं. आई अधूनमधून मस्करी करत होती. "मोहरी येचायला नर्स कशाला लागती, तुझी सासू येचून घील." मी हसत नव्हते. मी आकडे लिहीत होते, आणि प्रत्येक आकडा माझ्याकडे बोट दाखवत होता.

शेवटी मी चिकटपट्टीचं रीळ पुढे ठेवलं. "माझ्या हाताला एक पट्टी लावून दाखव."

आईनं पट्टी कापली, माझ्या मनगटावर टेकवली. मोज्याचा लोंबता शेंडा पट्टीला चिकटला. तिथंच, तसाच. आईचा हात जागीच गोठला.  तिनं मोजा तसाच ठेवून त्यातून हात काढून घेतला, आणि रिकामा पंजा माझ्या मनगटाला चिकटून लोंबत राहिला.

"झालं तुझं?" ती म्हणाली. "का अजून बघायचंय?"

रात्री अंथरुणात मी वही उघडली. माझं पत्रक बरोबर होतं आणि माझ्या पत्रकानं आईला सुई टोचली होती. दोन्ही वाक्यं खरी असतील तर मी पुढे काय लिहायचं? आई उघड्या हातानं राहिली असती तर तिला टोचली नसती. वीस वर्षांत टोचली नव्हती. लांबून शिवायचं नाही हे तिचं म्हणणं अडाणीपणाचं म्हणून मी निकालात काढलं होतं. अंधारात मला ते टम्म फुगलेले पंजे तारेवर हलताना दिसायचे.

तीन महिने झाल्यावर आम्ही पुन्हा दौंडला गेलो. या वेळी आईनं खिडकीबाहेर बघितलं नाही. चाचांनी मोजे घातले, तिच्या कोपराच्या खळग्यात बोट फिरवलं, आणि तिची नजर त्यांच्या बोटावर खिळली. त्यांनी एकदाच सुई घातली. चिकटपट्टी लावली. पट्टीला काही चिकटलं नाही.

"भाऊ," आई म्हणाली, "तुमचा मोजा बोटाला कसा काय बसलाय? कातडीवानी."

"नंबरचा हाय ना."

"कसला नंबर?"

चाचांनी हात उलटा करून मोज्याचा मनगटाकडचा काठ दाखवला. बारीक शिक्का होता. "माझा सात. तुमचा किती?"

"आमच्यात समद्यांवर साडेसात हाय," आई म्हणाली. "मला वाटलं कंपनीचा आकडा आसंल."

चाचा हसले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि हसू पुसलं गेलं. त्यांनी खणातून कापड मोजायची टेप काढली, अंगठा सोडून मुठीच्या हाडांवरून आईच्या पंजाभोवती फिरवली. "साडेसहा. हे बघा, इथं जितकं इंच तितका नंबर. चपलेला असतो तसा. साडेसात तुमच्या डॉक्टरांचा असंल. तुम्ही त्यांची चप्पल घालून पळत व्हता, ताई."

वीस वर्षं आईनं ते मोजे धुतले होते, फुंकले होते, जोड्या लावल्या होत्या. सगळे एकाच माणसाच्या हातासाठी आणलेले, त्यामुळे जोडी लावताना आकडा जुळवून बघायची वेळच कधी आली नव्हती. मोजा म्हणजे सैलच असतो अशी तिची समजूत होती. आणि मी? मी हातांबद्दल एक पान भरून लिहिलं होतं. कुणाचा हात केवढा आहे हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मी चाचांना विचारलं, "मामा, मोजा नसता तर सुई लागली नसती ना?"

त्यांनी टेप गुंडाळून खणात ठेवली. "नसती लागली कदाचित. पर लागली असती, तर मोज्याशिवाय जास्त रगत आत गेलं असतं. सुई रबरातून जाताना थोडी पुसली जाती. आता ह्यातलं कुठलं धरायचं, ते मला विचारू नको, बेटा."

निघताना त्यांनी साडेसहाच्या दोन जोड्या कागदात गुंडाळून दिल्या. त्या रात्री मी पाट मांडला, केस ठेवला, पत्रकं टाकली. आई डोळे मिटून बसली. तीन पत्रकं. चार. पाचव्याला ती थांबली, बोट मागं नेलं, पुन्हा पुढं आणलं. "हितं." बरोबर होतं. सहाव्याला चुकली. पुन्हा केलं तेव्हा चारलाच चुकली, मग परत पाच. उघड्या बोटाइतकं नाही. पण दुसऱ्याचं बोटही नाही.

तीन महिन्यांचा रिपोर्ट चांगला आला. माझी भीती कमी झाली नाही, तिला फक्त नेमका आकार आला. पत्रकात एक ओळ कमी पडली होती, आणि ती ओळ कुठली हे आता मला माहीत होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी शिंप्याची टेप घेऊन दवाखान्यात गेले. नर्सा, आया, झाडणाऱ्या मावशी, सगळ्यांना पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर पंजा ठेवायला लावला, पेन्सिलीनं कडेनं रेघ ओढली, मुठीवरून टेप फिरवली. आठ बायका, चार नंबर. झाडणाऱ्या मावशींचा आठ निघाला.

"डॉक्टरापेक्षा मोठा!" त्या ओरडल्या. "आता पगार बी मोठा द्या म्हनावं."

"तुमचा हात मोठा हाय मावशी, तोंड त्याच्याहून," एक आया म्हणाली.

दुसरं पत्रक आबांनी जुळवलं तेव्हा ते पुन्हा पुन्हा कागद उलटून बघत राहिले. "घोषना कुठं हाय?"

"नाही."

त्यात फक्त होतं: टेप कशी फिरवायची, आठ बायकांचे नंबर, आणि चुकीच्या नंबरच्या मोज्यानं किती पत्रकांखालचा केस लागतो आणि बरोबर नंबरच्या मोज्यानं किती. लिहिताना मी प्रत्येक आकडा वहीशी ताडून पाहिला. पहिल्या पत्रकाला काहीच ताडलं नव्हतं.

ते मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "हे आधी का नाही लिहिलंस?"

"मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. मोज्यांना नंबर असतात हे तुम्हाला माहीत होतं, डॉक्टर."

त्यांनी स्वतःचा पंजा टेबलावर उघडला, त्याकडे बघत म्हणाले, "मला माझा माहीत होता."

मी भांडायला गेले होते आणि ह्या उत्तरापुढे मला भांडता आलं नाही, कारण माझंही उत्तर तेच होतं. महिनाभरात चार नंबरांचे चार खोके आले. लाल पेन मात्र टेबलावरच राहिलं. चांदणीवरून आम्ही पुढे बरीच वर्षं भांडलो.

ती माझ्या वयाची बाई मधल्या काळात दोनदा सलाईनला आली. आईनं तिला टोचलेल्या सुईबद्दल कधीच सांगितलं नाही. साडेसहाचे मोजे घालून तिची शीर धरली, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची धरली होती तशीच. ती म्हणाली, "ताई, आज लवकर घावली." नंतर ती आली नाही.

सहा महिने झाले. आम्ही शेवटचं रक्त दिलं आणि आठवड्यानं रिपोर्ट आणायला दौंडला गेलो. चाचांनी पाकीट दिलं, बंद. आई म्हणाली, "आधी च्या पिऊ." स्टँडवर टपरीत आम्ही एकच चहा घेतला, कारण आईनं एकच मागितला. ती अर्धा प्यायली आणि ग्लास धरून बसली. सरकवला नाही. पाकीट तिच्या मांडीवर होतं. आत काय आहे हे मला माहीत नव्हतं.  मी हात पुढे करून तिच्या बोटांतून ग्लास काढून घेतला आणि जिथं तिचे ओठ लागले होते तिथंच ओठ लावून उरलेला चहा संपवला.

आई बघत होती.  मग पाकीट माझ्याकडे दिलं. माझ्यानं ते फाडवेना. शेवटी तिनंच फाडलं आणि कागद मला वाचायला दिला, कारण तो इंग्रजीत होता.

"निगेटिव्ह," मी म्हणाले.

"म्हंजी न्हाई?"

"म्हंजे नाही."

तिनं कागदाची चार घड्यांची पुडी केली, कमरेच्या पिशवीत घातली आणि पदरानं तोंड पुसलं. एसटीत आम्ही शेजारी बसलो. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, ओळखीची ती मावशी चढली तर तिला पाव्हण्यांचं काय झालं ते सांगावंसं वाटत होतं. आई खिडकीबाहेर बघत होती, शीर शोधताना बघायची तशी. न्हावरे आलं, माणसं उतरली, चढली.

"तिनं मला इचारलं व्हतं," गाडी सुटल्यावर ती म्हणाली. "लागलं का म्हून. सवताची सलाईन सुटली व्हती, आन् मलाच इचारत व्हती."

मी तिच्याजवळ सरकले.

"तिचा रिपोर्ट कुनी वाचून दावला आसंल गं?"

तिची बोटं माझ्या मनगटावर होती. शिरूर येईपर्यंत तिनं ती काढली नाहीत.